तीन डॉक्टर, तीन निदानं : वाचकांचे प्रश्न

मनाच्या आजारांचं निदान आणि थेरपिस्टची निवड या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात घेतली आहेत. नुसत्या पत्रावरून कुणाचंही निदान करता येत नाही. पण योग्य निदानापर्यंत पोचण्यासाठी काय करायचं, कुठे थांबायचं आणि काय विचारायचं, हे नक्की सांगता येतं.

प्रश्न : गेल्या चार वर्षांत मी तीन सायकॅट्रिस्टना दाखवलं. पहिल्यांनी डिप्रेशन सांगितलं, दुसऱ्यांनी चिंताविकार, आणि आता तिसरे म्हणतात बायपोलर टाइप टू. दर वेळी औषधं बदलली. विश्वास कुणावर ठेवायचा? रक्ताची एखादी तपासणी किंवा स्कॅन करून एकदाच काय तो निकाल लागत नाही का?

उत्तर : नाही लागत. डिप्रेशन, चिंताविकार किंवा बायपोलर सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही आणि मेंदूचा स्कॅनही नाही. लक्षणं कोणती, किती दिवस टिकली, किती तीव्र होती आणि त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात काय अडलं, यावरून निदान होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम-५ या दोन संहितांमध्ये त्याचे निकष दिले आहेत. निकष एकच असले तरी डॉक्टरांचं एकमत होतंच असं नाही. डीएसएम-५ तयार होताना एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलं आणि त्यांचं किती जुळतं ते मोजलं. या मोजमापात ० म्हणजे निव्वळ योगायोग आणि १ म्हणजे पूर्ण एकमत. पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर होणाऱ्या विकारासाठी) आकडा ०.६७ आला, मेजर डिप्रेशनसाठी मात्र फक्त ०.२८. तेव्हा तुमच्या बाबतीत जे झालं ते जगावेगळं नाही, आणि आधीचे दोघे डॉक्टर निष्काळजी होते असंही त्यावरून ठरत नाही.

तुमच्या तीन निदानांचा क्रम तर नेहमी दिसणारा आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो मन खचलेलं असताना. उदासी, झोप उडणं, थकवा, घालमेल एवढंच त्या दिवशी डॉक्टरांसमोर येतं. बायपोलर म्हणजे मन खचण्याचे आणि चढण्याचे काळ येत राहणारा आजार. त्याच्या टाइप टूमध्ये जो चढता काळ असतो, त्याला हायपोमेनिया म्हणतात. तो किमान ४ दिवस सलग टिकतो. तीन-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटतं, बोलणं वाढतं, एकाच वेळी चार कामं हाती घेतली जातात, खर्चावर ताबा राहत नाही किंवा चिडचिड टोकाला जाते. त्या माणसाला मात्र हा आपला 'चांगला काळ' वाटतो. त्यासाठी कुणी डॉक्टर गाठत नाही आणि पुढे विचारल्याशिवाय सांगतही नाही. म्हणून डिप्रेशनचं औषध सुरू करण्याआधी प्रत्येकाला या चढत्या काळाबद्दल विचारलं गेलंच पाहिजे. बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसतं डिप्रेशनवरचं औषध दिलं, तर काहींमध्ये चढता काळ ओढवतो किंवा चढउतार वाढतात. असं औषध सुरू केल्यानंतर काही दिवसांतच तुमची झोप कमी होऊन उत्साह अचानक वाढला होता का, हे आठवून पाहा. हा एक तपशील सगळ्या चित्राला वळण देऊ शकतो.

आता प्रत्यक्ष करण्याची गोष्ट. कोरा कागद आडवा धरा आणि मधोमध एक रेघ ओढा. रेघेवर वर्षं लिहा, शक्य असेल तिथे महिनेही. मन चढलेलं होतं तो काळ रेघेच्या वर, खचलेलं होतं तो खाली. प्रत्येक काळासमोर झोप किती तास होती, काम कसं चाललं होतं, पैशांचे किंवा नात्यांचे कोणते निर्णय घेतले, ते दोन शब्दांत टिपा. खाली दुसरी ओळ औषधांची: नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, का बंद केलं. 'त्या गोळीचा उपयोग झाला नाही' असं आपण सहज म्हणतो. पण ती गोळी पुरेशा डोसमध्ये ६ ते ८ आठवडे घेतली होती की दहाव्या दिवशी सोडली होती, यावर त्या वाक्याचा अर्थ ठरतो. तिसरी ओळ शरीराची: मोठी आजारपणं, दारू, गांजा, तंबाखू, स्टेरॉइडसारखी औषधं, आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण, बाळंतपण, पाळीचं चक्र. पाळीच्या आधीच्या दिवसांतच त्रास वाढत असेल तर सलग दोन चक्रं रोजची नोंद ठेवा. पाळीशी जोडलेला मनाचा विकार आठवणीवर विसंबून पक्का करता येत नाही.

हा कागद घेऊन जाताना तुम्हाला जवळून ओळखणारं एक माणूस सोबत न्या. चढता काळ बहुधा घरच्यांना आधी दिसतो. आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाला बायपोलर, तीव्र नैराश्य किंवा सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) होता का, कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, हेही आधी विचारून ठेवा. घराण्यात बायपोलर असणं हा निदानातला महत्त्वाचा धागा असतो.

रक्ततपासण्या करायच्याच, पण वेगळ्या कारणासाठी: मनाच्या आजारासारखी दिसणारी शारीरिक कारणं बाजूला काढायला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर किमान एकदा तरी पाहिलेली असावी. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग येणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या, कारण तो डिप्रेशनसारखाच थकवा आणि विसराळूपणा आणतो.

सगळं मांडून झालं की सध्याच्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या निदानापर्यंत तुम्ही कोणत्या गोष्टींवरून आलात? याशिवाय दुसरं काय असू शकतं? पुढच्या काही महिन्यांत काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? ज्या डॉक्टरांकडे या तिन्हींना सरळ उत्तरं आहेत, त्यांच्यासोबत टिकून राहणं चौथ्या डॉक्टरांचा शोध घेण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त उपयोगी ठरतं. उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरं मत जरूर घ्या, पण आधीची सगळी कागदपत्रं दाखवून. नाहीतर नव्या डॉक्टरांनाही फक्त त्या एका दिवसाचं चित्र दिसेल.

आणि निदानाबद्दल शंका आहे म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नका. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनसारख्या डिप्रेशनवरच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, अस्वस्थता सुरू होते आणि आजारच उलटला असं वाटतं. मूड स्थिर ठेवणारं लॅमोट्रिजिन सलग पाच-सहा दिवस चुकलं तर जुन्या डोसवर परत जाऊ नका. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असल्यामुळे ते सहसा पुन्हा लहान डोसपासून चढवावं लागतं. डॉक्टरांना फोन करून मगच घ्या. मूड स्थिर ठेवणारंच दुसरं औषध, लिथियम, सुरू असेल तर त्याची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटाच वाढलेला येतो.

प्रश्न : इंटरनेटवर पीएचक्यू-९ ही चाचणी दिली. १७ गुण आले. मला डिप्रेशन आहे असं समजायचं का?

उत्तर : तपासून घ्यायला हवं, एवढंच समजायचं. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि गुण ० ते २७. गुण १० किंवा त्याहून जास्त आले की पुढची तपासणी करावी असं मानतात. १५ ते १९ हा बऱ्यापैकी तीव्र त्रासाचा पट्टा आहे. पण आकड्याला कारण कळत नाही. जवळचं माणूस नुकतंच गेलेलं असेल, थायरॉइड मंदावलं असेल किंवा बायपोलरचा खालचा काळ असेल, तरी गुण १७ च येऊ शकतात. भरलेली चाचणी छापून डॉक्टरांकडे न्या. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्याखेरीज काहीही उत्तर दिलं असेल, तर एकूण गुण कितीही असोत, ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि लगेचची अपॉइंटमेंट मागा.

चाचणीचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर होतो. दर दोन ते चार आठवड्यांनी तीच चाचणी द्या. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय, ५ च्या खाली गेले तर त्रास जवळजवळ सरला. दोन महिन्यांनंतरही आकडा हलला नसेल, तर डोस, औषध, थेरपी किंवा मूळ निदान यांपैकी काहीतरी पुन्हा पाहायला हवं.

प्रश्न : माझं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याला माझ्याच हातून इजा होईल असे भयंकर विचार मनात येतात. मी घरातल्या सुऱ्या लपवून ठेवल्या आहेत, बाळासोबत एकटी राहत नाही. गेले पाच महिने थेरपिस्टकडे जाते. तिथे बोलून हलकं वाटतं, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. त्यांना मी फक्त 'नकारात्मक विचार येतात' एवढंच सांगितलं आहे. खरं सांगितलं तर बाळ माझ्यापासून दूर करतील का?

उत्तर : तुम्ही हे लिहिलंत, फार बरं केलंत. असे नकोसे विचार अनेक आई-वडिलांच्या मनात चमकून जातात. काहींच्या मनातून ते हलतच नाहीत. मग ते टाळण्यासाठी वस्तू लपवणं, एकटं न राहणं, पुन्हा पुन्हा खात्री करणं सुरू होतं. तुम्ही केलेलं वर्णन ओसीडीशी (नकोसे विचार आणि ते शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा केलेल्या कृती यांच्या विकाराशी) बरंच जुळतं, आणि ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवं. ओसीडीतला विचार त्या माणसाच्या इच्छेच्या बरोबर उलट असतो. त्याची किळस येते, भीती वाटते, म्हणून तर एवढी खबरदारी घेतली जाते. ओसीडी जाणणारा थेरपिस्ट हे विचार ऐकून दचकत नाही. त्याच्या कामातला हा रोजचा भाग असतो, आणि केवळ असे विचार येतात म्हणून बाळाला आईपासून दूर करण्याचं कारण त्याला दिसत नाही.

एक वेगळी स्थिती मात्र ओळखता आली पाहिजे. बाळाबद्दल काही विपरीत गोष्ट पूर्ण खरी वाटू लागणं, आदेश देणारे आवाज ऐकू येणं, दोन-तीन रात्री झोपच न लागणं आणि तिची गरजही न वाटणं, गोंधळल्यासारखं वागणं ही बाळंतपणानंतरच्या सायकोसिसची लक्षणं आहेत. ती बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतात. त्यात तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचं असतं. यातलं काहीही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच जा.

पाच महिने जाऊनही फरक का पडला नाही? एक तर थेरपिस्टला मूळ गोष्टच माहीत नाही. दुसरं कारण ओसीडीच्या स्वभावात आहे. 'तुम्ही असं काही करणार नाही' हा धीर मिळाला की भीती उतरते, पण दोन दिवसांत पुन्हा तो धीर लागतो. धीर मागणं हीच मग एक सक्ती होऊन बसते. विचार आला की मनगटावरचा रबर बँड ओढून सोडणं, दुसरीकडे लक्ष वळवणं, बालपणाची कारणं खणत राहणं यांनीही ओसीडी हटत नाही. त्यासाठीची खास पद्धत आहे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीती वाटणाऱ्या प्रसंगांची यादी करतात, प्रत्येकाला ० ते १०० गुण देतात, आणि ३०-४० गुणांच्या पायरीपासून सुरुवात करतात. बाळ शेजारच्या खोलीत असताना सुरी वापरून काम करणं ही एक पायरी असू शकेल, बाळाला एकटीने अंघोळ घालणं ही त्यानंतरची. त्या वेळी सुरी लपवायची नाही, कुणाला विचारायचं नाही, मनातल्या मनात मोजायचं किंवा जप करायचा नाही. भीती आपोआप उतरते, आणि उतरली नाही तरी ती सोसत काम होतं, हे अनुभवातून मनाला कळतं. साधारण १२ ते २० सत्रं लागतात. सत्रांइतकाच रोजचा गृहपाठ महत्त्वाचा असतो. तो सुटला की उपचार अडतो. सोबत औषध दिलं तर ओसीडीत त्याचा पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात आणि डोसही डिप्रेशनपेक्षा अनेकदा जास्त लागतो. स्तनपान सुरू असल्याचं सायकॅट्रिस्टना आवर्जून सांगा. त्या काळातही देता येणारी औषधं आहेत.

तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहा आणि पुढच्या सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांतच तो हातात द्या. शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवलेली गोष्ट बहुधा राहूनच जाते. मग विचारा, 'तुम्ही ईआरपी करता का?' नाही म्हणाले तर करणाऱ्याचं नाव मागा. चांगला थेरपिस्ट ते आनंदाने देईल.

प्रश्न : सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट... कुणाकडे जायचं? आणि हा माणूस आपल्यासाठी योग्य आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : सायकॅट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या, मूल्यमापन आणि थेरपी करतात. काउन्सेलर प्रामुख्याने आयुष्यातल्या अडचणींवर काम करतात: नातं, काम, दुःख. 'थेरपिस्ट' ही पाटी मात्र अनेक ठिकाणी कुणालाही लावता येते, म्हणून शिक्षण, नोंदणी आणि देखरेखीखाली केलेलं काम याबद्दल विचारायला संकोच नको. भास, टोकाचे चढउतार, आत्महत्येचे विचार, वजन झपाट्याने घटणं किंवा कामावर जाणंच अशक्य होणं, यांपैकी काही असेल तर सुरुवात सायकॅट्रिस्टपासून करा.

थेरपीचा प्रकार त्रासानुसार निवडायचा असतो. पॅनिक आणि फोबियासाठी एक्स्पोजरसह (भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्यासह) सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी. आघातानंतरच्या पीटीएसडीसाठी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करण्याची पद्धत). वारंवार स्वतःला इजा करण्याच्या ओढीसाठी डीबीटी (तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी). जुनाट निद्रानाशासाठी सीबीटी-आय, जी झोपेच्या गोळीच्या आधी द्यायची असते. 'मी सगळ्या पद्धती वापरतो' हे उत्तर पुरेसं नाही. तुमचा त्रास दोन वाक्यांत सांगा आणि विचारा: अशा त्रासावर तुम्ही काय करता, पहिल्या चार सत्रांत काय होईल, सुधारणा कशी मोजाल, फायदा झाला नाही तर पुढे काय. पहिल्या फोनवर १०-१५ मिनिटांत एवढं बोलून होतं.

थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्या कामाच्या नात्याचे तीन भाग एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडले: उद्दिष्टावर एकमत, ते गाठण्याच्या कामांवर एकमत, आणि आपसातला विश्वास. पारख करायला हेच तीन भाग धरा. तिसऱ्या सत्राच्या शेवटी आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सहा-आठ सत्रांनंतर झोप, टाळाटाळ, रडू, कामावरच्या दांड्या अशा एखाद्या तरी गोष्टीत हालचाल दिसायला हवी. एखादं सत्र जड जाणं, रडवणं हे चुकीच्या थेरपिस्टचं लक्षण नाही. अवघड गोष्टीला हात घातला की तसं होतं. पण दर वेळी आपल्याला तोललं जातंय असं वाटत असेल, तर ते तिथेच बोलून दाखवा. त्यावर थेरपिस्ट कसा वागतो, यातून बरंच कळतं. ऐकून घेऊन पद्धत बदलली तर थांबा, चिडला किंवा दोष तुमच्यावर ढकलला तर निघा. निघताना तोवरच्या कामाचा लेखी सारांश मागून घ्या.

काही गोष्टींत मात्र दुसरी संधी देऊ नका. लैंगिक स्वरूपाचं बोलणं किंवा स्पर्श, पैशांचे इतर व्यवहार, दुसऱ्या रुग्णांची ओळख उघड करणं, डॉक्टरांना न विचारता औषध बंद करायला सांगणं, बरं होण्याची हमी देणं. गुप्ततेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत समजून घ्या: जिवाला धोका, मुलांवरचे अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश हे नेहमीचे अपवाद असतात.

ऑनलाइन सत्रांचं काय, असंही काहींनी विचारलंय. डिप्रेशन आणि चिंताविकारांसाठी व्हिडिओवरची सीबीटी बरीच उपयोगी पडते. अट एकच, दार लावून मोकळेपणाने बोलता येईल अशी जागा हवी. घरचे ऐकतील या धास्तीत दिलेली उत्तरं अर्धवटच राहतात.

प्रश्न : वय ३४. मला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार) असावा असं खूप वाटतं. डॉक्टर म्हणाले, 'पदवी पूर्ण केलीत ना, मग नसेल.' हे बरोबर आहे का?

उत्तर : पदवीवरून एडीएचडी नाही असं ठरत नाही. हुशारी, घरच्यांची शिस्त किंवा रात्रभर जागून केलेली धावपळ यांच्या जोरावर अनेकजण पदवी मिळवतात. पण तुमच्या नुसत्या वाटण्यावरूनही निदान होत नाही. प्रौढांमध्ये दोन याद्यांपैकी एकीतली, म्हणजे लक्ष टिकण्याच्या किंवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी, किमान पाच लागतात. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, आणि घर-काम अशा दोन तरी ठिकाणी अडथळा व्हावा लागतो. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' असे शेरे इथे पुराव्याचं काम करतात. लहानपणी पाहिलेल्या मोठ्या माणसाला सोबत न्या. त्रास तिशीत पहिल्यांदा सुरू झाला असेल, तर आधी झोप, चिंता, डिप्रेशन, थायरॉइड आणि नशा तपासली जावी.

दोन चुका टाळा. संगणकावरची लक्ष मोजणारी चाचणी एकटीच निर्णायक नसते. आणि कुणाची तरी एडीएचडीवरची स्टिम्युलंट गोळी घेऊन 'लक्ष लागलं, म्हणजे मला आहे' असं मानू नका, कारण एडीएचडी नसलेल्यांनाही त्या गोळीने तरतरी येते. ती सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि हृदयविकाराचा इतिहास पाहावा लागतो.

प्रश्न : धाकटा भाऊ २१ वर्षांचा. चार महिन्यांपासून खोलीत कोंडून घेतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, एकटाच पुटपुटतो. डॉक्टरकडे यायला तयार नाही. काय करू?

उत्तर : आधी तुम्ही एकट्या जाऊन सायकॅट्रिस्टना भेटा. कधीपासून, काय बदललं, झोप, जेवण, गांजासारखी नशा, फिट्स, ताप, डोक्याला मार, सगळं तारखांसह सांगा. सायकोसिस असेल तर उपचाराविना जाणारा काळ जितका कमी, तितका पुढचा मार्ग सोपा. म्हणून 'वय आहे, निवळेल' म्हणून वाट पाहू नका. पाळतीच्या गोष्टीवर भावाशी वाद घालू नका, तिला होकारही देऊ नका. 'तुला फार भीती वाटत असणार, झोपही नाही, निदान झोपेसाठी तरी डॉक्टरांना भेटू' असं म्हणा. झोप, डोकेदुखी, थकवा ही त्याची स्वतःची तक्रार असेल तर तो यायला लवकर तयार होतो. गोळ्या गुपचूप जेवणात मिसळू नका. कळलं की पाळतीच्या संशयात तुम्हीही सामील होता, आणि डोसचा हिशेबही राहत नाही.

तो स्वतःला किंवा दुसऱ्याला मारण्याचं बोलू लागला, आवाज आदेश देतात म्हणाला किंवा खाणंपिणं सोडलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. घरातली धारदार हत्यारं, कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा आधीच हलवून ठेवा, आणि जाताना चालू औषधांची पाकिटं व वर सांगितलेल्या तारखांची लेखी नोंद सोबत घ्या.